‘यजमान’ कोण? शाश्वत पर्यटनाच्या संशोधनातील परिभाषा आणि पाश्चात्त्य वर्चस्व

पर्यटनविषयक मराठी लेखनात ‘होस्ट’ या इंग्रजी संज्ञेसाठी ‘यजमान’ हा शब्द आता रूढ झाला आहे. पर्यटक ज्या गावी जातो तेथील रहिवासी म्हणजे ‘यजमान समाज’ आणि तेथे येणारा पर्यटक म्हणजे ‘पाहुणा’, अशी ही विभागणी आहे. वरवर पाहता तीत आक्षेपार्ह काही नाही. परंतु ज्या समाजात तीर्थाटनाचा व्यवहार शतकानुशतके चालत आला, त्याच्या भाषेत ‘यजमान’ हा शब्द नेमका उलट बाजूस उभा आहे. त्र्यंबकेश्वरी, नाशिकला किंवा पंढरपुरास येणारा यात्रेकरू हाच तेथील तीर्थोपाध्यायाचा यजमान होय. ‘यज्’ धातूपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ यज्ञ करविणारा, त्याचा खर्च सोसणारा आणि ऋत्विजांना दक्षिणा देणारा असा आहे. उपाध्याय यात्रेकरूला आपल्या घरी उतरवून घेतो, त्याचे धर्मकृत्य करवितो, त्याच्या वाडवडिलांची नावे वंशावळीच्या वहीत शोधून दाखवितो आणि नव्या पिढीची नावे तीत लिहून घेतो. एवढे सारे करूनही तो यजमान ठरत नाही. ज्याच्या पदरचे द्रव्य खर्ची पडते तो यजमान.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथातील प्रवासाचा आरंभ याच व्यवहारातून झाला आहे. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने वरसईचा हा भिक्षुक उत्तरेकडे निघाला आणि १८५७च्या धामधुमीत सापडला. तो तीर्थयात्री होता, अर्थार्जनासाठी निघालेला होता आणि परिस्थितीने साक्षीदारही झाला. आजच्या पर्यटनशास्त्राच्या कोष्टकात त्याला कोणत्या रकान्यात बसवावे, हे सांगता येणे कठीण आहे. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे मात्र गोडसे भटजींना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. (विवाहित स्त्रीने पतीचा उल्लेख ‘आमचे यजमान’ असा करण्याची रीत त्याच द्रव्यसत्तेची आठवण देते, हे जाता जाता नोंदवावयास हरकत नाही.)

हा प्रश्न केवळ भाषांतरातील अनवधानाचा असता तर परिभाषा कोशाच्या पुढील आवृत्तीत तो सुटला असता. परंतु ‘होस्ट’ आणि ‘गेस्ट’ ही जोडी एक विशिष्ट दृष्टी घेऊन आली आहे. या रूपकात येणारा पाहुणा असतो, स्वागत करणारा घरधनी असतो आणि दोघांमधील पैशाचा व्यवहार आतिथ्याच्या पडद्याआड जातो. जुन्या मराठी शब्दाने मात्र हा व्यवहार उघडा ठेवला होता. नव्या परिभाषेने तोच शब्द उचलला, त्याच्यातील पैसा काढून घेतला आणि त्याची दिशा फिरविली. शाश्वत पर्यटनाच्या संशोधनातील पाश्चात्त्य वर्चस्व ही मुख्यतः निधीची, विद्यापीठांची आणि नियतकालिकांची बाब आहे असे समजले जाते. ती तशी आहेच. परंतु हे वर्चस्व ज्या ठिकाणी सर्वांत कमी जाणवते आणि म्हणूनच सर्वांत दृढ असते ते ठिकाण परिभाषेचे होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

‘यजमान–पाहुणा’ या जोडीला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती व्हॅलीन स्मिथ यांनी संपादित केलेल्या ‘होस्ट्स अँड गेस्ट्स’ या १९७७च्या ग्रंथामुळे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या १९७४ मधील मेक्सिको सिटी येथील परिसंवादातून तो सिद्ध झाला. त्यातील प्रकरणांचा प्रदेश पाहण्यासारखा आहे : अलास्का, पनामातील कुना जमात, पॅसिफिकमधील बेटे, बाली, स्पेनमधील बास्क प्रांत. क्षेत्र बहुतांशी इतरांचे आणि प्रश्न अमेरिकन विद्यापीठांचे, अशी ही वाटणी होती. तथापि त्याच ग्रंथात डेनिसन नॅश यांनी पर्यटन हा साम्राज्यवादाचाच एक प्रकार आहे, असे मांडणारे प्रकरण लिहिले, ही गोष्ट विसरता कामा नये. पाश्चात्त्य विचार एकसंध नाही. त्यावरील कठोर टीकाही पुष्कळदा त्याच्याच पोटातून निघते, आणि ती टीकादेखील त्याच्याच भाषेत, त्याच्याच प्रकाशनसंस्थांमार्फत जगभर जाते. वर्चस्वाची व्याप्ती यावरून लक्षात यावी.

शाश्वत पर्यटनाचा इतिहास सांगताना काही टप्पे हमखास सांगितले जातात. १९८७चा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल, १९९२ची रिओ परिषद, ब्रिटनमधून १९९३ साली निघू लागलेले ‘जर्नल ऑफ सस्टेनेबल टुरिझम’, १९९५ची लान्झारोटे येथील सनद, २००२चे आंतरराष्ट्रीय पर्यावरणीय पर्यटन वर्ष आणि २०१७चे शाश्वत पर्यटन वर्ष, असा तो क्रम आहे. या वंशावळीत काय गाळले जाते हे पाहिले म्हणजे तिचे स्वरूप ध्यानात येते. ‘इक्वेशन्स’ ही पर्यटनाच्या परिणामांचा अभ्यास करणारी संस्था बंगळुरूत १९८५ मध्ये स्थापन झाली. तिसऱ्या जगातील पर्यटनाविषयी ख्रिस्ती संघटनांची एक संयुक्त आघाडी १९८२ पासून आशियात काम करीत होती. गोव्यात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘जागृत गोंयकारांची फौज’ आणि ‘बायलांचो साद’ यांनी चार्टर विमानांनी येणाऱ्या पर्यटनाविरुद्ध, पंचतारांकित हॉटेलांनी अडविलेल्या किनाऱ्याविरुद्ध आणि विहिरींच्या पाण्यावर पडणाऱ्या ताणाविरुद्ध आवाज उठविला. पाणी कोणाचे, किनारा कोणाचा, मासेमाराची होडी कोठे ओढावयाची, हे त्यांचे प्रश्न होते. आज ज्यांना शाश्वततेचे निकष म्हटले जाते त्यांतील बहुतेक प्रश्न तेथे आधीच विचारले गेले होते. संशोधनाच्या इतिहासात मात्र ब्रुंटलँड अहवाल ‘संकल्पना’ म्हणून येतो आणि गोव्यातील पत्रके ‘स्थानिक प्रतिक्रिया’ म्हणून येतात. विचार करणे हे एकाचे काम ठरते, प्रतिक्रिया देणे दुसऱ्याचे.

याच गोव्याचे दुसरे एक उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे येणाऱ्या पर्यटकांत देशी पर्यटकांची संख्या परदेशी पर्यटकांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे. तरीही गोव्यावरील इंग्रजी संशोधनात दीर्घकाळ चर्चा झाली ती हिप्पींची, चार्टर प्रवाशांची आणि नंतर रेव्ह पार्ट्यांची. कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबईहून बसने येणारे कुटुंब, मंगेशी किंवा शांतादुर्गेच्या दर्शनाला कुलाचार म्हणून येणारा मराठी भाषक, हे सिद्धान्ताच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य राहिले. कारण ‘पर्यटक’ या संज्ञेच्या मुळाशी गृहीत धरलेला माणूस हा औद्योगिक समाजातून बाहेर पडलेला, सुट्टीवर निघालेला, अस्सलतेच्या शोधात असलेला पाश्चात्त्य मनुष्य होता. कुलदैवताला जाणारा माणूस अस्सलता शोधीत नसतो. तो आपले एक देणे फेडीत असतो.

संस्थात्मक पातळीवरील एक नोंद येथे करणे अगत्याचे आहे. पर्यटनाच्या अभ्यासाला वाहिलेले ‘टुरिझम रिक्रिएशन रिसर्च’ हे नियतकालिक १९७६ साली लखनौ येथून तेजवीर सिंह यांनी सुरू केले. ‘ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’ हे अमेरिकेतील प्रतिष्ठित नियतकालिक त्यापूर्वी अवघी तीन वर्षे, म्हणजे १९७३ मध्ये, निघाले होते. तेव्हा भारतात या विषयाचा विचारच झाला नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. परंतु लखनौचे हे नियतकालिक आरंभापासून इंग्रजीतच होते आणि आज ते एका मोठ्या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेच्या यादीत आहे. हिंदीत, मराठीत किंवा कोकणीत लिहिलेले संशोधन या व्यवस्थेत उद्धृत होत नाही. उद्धृत होत नाही म्हणून ते मोजले जात नाही, आणि मोजले जात नाही म्हणून तरुण अभ्यासक ते लिहीत नाहीत.

३

या संशोधनातील काही मूलभूत संकल्पनांची जन्मस्थाने तपासून पाहण्यासारखी आहेत. स्थानिकांच्या पर्यटकांविषयीच्या भावना उल्हासापासून उदासीनतेकडे, तेथून चिडीकडे आणि अखेर वैराकडे जातात, हे डॉक्सी यांचे १९७५चे प्रसिद्ध सूत्र बार्बाडोस आणि कॅनडातील नायगारा-ऑन-द-लेक या दोन ठिकाणच्या निरीक्षणांतून आले. पर्यटनस्थळाचे एक जीवनचक्र असते, शोधापासून विकासाकडे आणि साचलेपणातून ऱ्हासाकडे किंवा पुनरुज्जीवनाकडे ते जाते, ही बटलर यांची १९८०ची मांडणी तर भारतातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही नित्य शिकविली जाते. या मांडणीमागील गृहीत असे की, मनुष्य नव्याचा भुकेला असतो आणि जुने झालेले स्थळ टाकून तो पुढे जातो. ‘वारी’ या शब्दातच मात्र पुनरावृत्ती आहे. वारंवार जावयाचे, त्याच वाटेने जावयाचे, त्याच मुक्कामी उतरावयाचे. पंढरपूरचे महत्त्व नवेपणावर कधीच उभे नव्हते. तेव्हा बटलर यांचा आलेख पंढरपुरास लावून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला स्थळ कोणत्या टप्प्यावर आहे हे सापडत नाही आणि तो आपली सामग्री अपुरी आहे असे समजतो. उणीव सामग्रीत नसून मापात आहे, असे म्हणण्याचे धैर्य त्याला कोणी दिलेले नसते.

‘कॅरिंग कपॅसिटी’ या संज्ञेसाठी मराठीत ‘वहनक्षमता’ आणि ‘धारणक्षमता’ असे दोन शब्द चालतात. मूळ संज्ञेचा प्रवास उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात ती जहाजाच्या मालवाहू शक्तीसाठी वापरली जात असे. पुढे कुरणावर किती गुरे चरू शकतील यासाठी, मग वन्यप्राण्यांसाठी, आणि १९६०च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत सहलीला येणाऱ्या माणसांसाठी ती वापरली जाऊ लागली. त्या उद्यानांचीही एक कथा आहे. १८७२ साली यलोस्टोन घोषित झाले तेव्हा ज्या भूमीला निर्मनुष्य अरण्य मानले गेले तेथे मूळ रहिवाशांचा वावर होता आणि तो पुढे बंद करण्यात आला. माणसाविना निसर्ग ही कल्पना सार्वत्रिक नाही, ती अमेरिकन इतिहासाची निर्मिती आहे आणि तिसऱ्या जगात ती लादल्यास गरिबांचेच विस्थापन होते, हे रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये एका गाजलेल्या निबंधात दाखविले. पर्यटनाच्या संशोधनात ही टीका पोहोचली खरी, पण ‘क्षमता’ हा आकडा काढण्याची सवय सुटली नाही. आकडा तटस्थ भासतो. तो कोणाला मोजतो आणि कोणाला अतिरिक्त ठरवितो, हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते.

‘सस्टेनेबल’साठी मराठीने निवडलेला ‘शाश्वत’ हा शब्द तर आणखी वेगळी अडचण उभी करतो. या कल्पनेचे एक मूळ सॅक्सनीतील खाणप्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांच्या १७१३च्या वनविषयक ग्रंथात सांगितले जाते. खाणींना लागणारे लाकूड संपत चालले होते, तेव्हा जेवढे वाढते तेवढेच तोडावे, असा तो हिशेबी विचार होता. म्हणजे मूळ कल्पना मर्यादेची, पुरवून वापरण्याची आहे. मराठी वाचकाला ‘शाश्वत’ हा शब्द ओळखीचा आहे तो वेदान्ताच्या आणि संतवाङ्मयाच्या परंपरेतून, आणि तेथे देह, धन, घरदार हे सारे अशाश्वत आहे. ऐहिक व्यवहाराला ‘शाश्वत’ हे विशेषण लागताच मर्यादेचा अर्थ लोपतो आणि अक्षयतेचे आश्वासन मात्र उरते. ‘शाश्वत पर्यटन’ म्हणजे कधीही न थांबणारे पर्यटन, असे जाहिरातदाराला वाटले तर दोष एकट्या जाहिरातदाराचा नाही. घरगुती मराठीत ‘पुरवठ्याला येणे’, ‘पुरवून खाणे’, ‘बेताने वापरणे’ असे मर्यादेचा बोध करून देणारे प्रयोग आहेत. संस्कृतोद्भव भारदस्तपणाच्या हव्यासापायी परिभाषा घडविणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. येथे पाश्चात्त्य वर्चस्वाला आपल्याकडील शिष्ट वर्गाच्या भाषिक सवयींनी हातभार लावला आहे, हे मान्य करावयास हवे.

४

परिभाषा एका दिशेने येते तसे अनुभव दुसऱ्या दिशेने जातात. याचे मराठी वाङ्मयाशी थेट निगडित असलेले उदाहरण इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या निबंधाचे आहे. ‘परिपूर्ती’ या संग्रहातील हा निबंध आळंदी ते पंढरपूर या पायी वारीचा आहे. त्याचे इंग्रजी रूपांतर १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आले. शीर्षकात रस्त्याचा उल्लेख राहिला आणि त्यापुढे ‘एक महाराष्ट्रीय यात्रा’ अशा अर्थाचे उपशीर्षक जोडले गेले. मराठी वाचकाला ज्याची गरज नव्हती ते परक्या वाचकासाठी सांगावे लागले, हे स्वाभाविकच होते. परंतु ‘वाटचाल’ या शब्दातील आयुष्यक्रमणाचा अर्थ वाटेतच गळाला.

पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने यात्रांचा सामाजिक प्रक्रिया म्हणून विचार करताना देल्यूरी यांच्या विठ्ठल संप्रदायावरील १९६०च्या ग्रंथाबरोबर कर्वे यांच्या या निबंधाचा विस्ताराने आधार घेतला. टर्नर यांची ‘कम्युनिटास’ ही संकल्पना, म्हणजे नित्याची सामाजिक उतरंड तात्पुरती शिथिल होऊन माणसामाणसांत निर्माण होणारा समभाव, त्यांनी आधीच आफ्रिकेतील विधींच्या अभ्यासातून मांडली होती. ती पंढरपूरवरून सुचली असे म्हणणे चुकीचे होईल. परंतु यात्रेच्या संदर्भात तिला पुष्टी देणाऱ्या पुराव्यांत वारीचे स्थान मोठे आहे. पर्यटक हा काही अंशी यात्रेकरूच असतो आणि यात्रेकरू काही अंशी पर्यटक, हा विचार टर्नर दांपत्याने १९७८ मध्ये मांडला आणि तेथून ही संकल्पना पर्यटनाच्या अभ्यासात आली. आज एखादा मराठी संशोधक वारीवर प्रबंध लिहितो तेव्हा तो ‘सैद्धान्तिक चौकट’ या प्रकरणात टर्नर यांना ठेवतो आणि ‘पूर्वसाहित्य’ किंवा ‘सामग्री’ या प्रकरणात कर्वे यांना.

या वाटणीत काय हरवते हे पाहण्यासाठी कर्वे यांच्या निबंधाकडेच वळावे लागते. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळी वेगळी शिजवितात, वेगळी जेवतात, याची खंत त्या निबंधात वारंवार येते. लेखिका दोन्ही गटांत वावरते, दोन्हींवर तिचा जीव जडतो, आणि ज्या संतांची पदे सर्वजण मुखाने गातात त्यांच्या शिकवणीचे या पंक्तिभेदापुढे काय होते, हा प्रश्न ती सोडत नाही. टर्नर यांनी ही खंत पाहिली आहे. त्यांनी तिचे समाधान असे केले की, यात्रेतील समभाव हा नियमबद्ध झालेला असतो, तो रचनेला पूर्णपणे मोडीत नाही, तिची धार बोथट करतो. हे स्पष्टीकरण नीटस आहे. परंतु कर्वे यांना अस्वस्थ करणारी बाब टर्नर यांच्या हाती एका सर्वसाधारण नियमाचे उदाहरण झाली, आणि अस्वस्थता तेवढी गळून गेली. कर्वे यांनी स्वतः बर्लिन येथे संशोधन करून पदवी मिळविली होती. पाश्चात्त्य मानववंशशास्त्राची त्यांना उत्तम ओळख होती. त्यांनी हा अनुभव मराठीत आणि ललित निबंधाच्या रूपात लिहिला, याचा अर्थ त्यांना सिद्धान्त करता येत नव्हता असा होत नाही.

दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’ या १९६४च्या पुस्तकाची वाटही काहीशी अशीच आहे. १९८७ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि दक्षिण आशियाच्या अभ्यासकांत ते वाचले गेले. महाराष्ट्रातील मराठी विभागांत ‘वाटचाल’ शिकविला जातो तो लघुनिबंध किंवा ललित गद्य म्हणून, ‘पालखी’ प्रवासवर्णनाचा एक प्रकार म्हणून. शैली, व्यक्तिचित्रे, आत्मपरता यांची चर्चा होते. परदेशी विद्यापीठात त्याच कृती मानववंशशास्त्रीय पुरावा म्हणून वाचल्या जातात. प्रवासाविषयीचा एक विचार म्हणून त्या दोन्हीकडे वाचल्या जात नाहीत. या दुर्लक्षाचा निम्मा वाटा आपल्याच विद्याशाखांच्या कुंपणांचा आहे.

५

वारीच्या वाटेवरील आतिथ्य जवळून पाहिले की यजमान–पाहुणा ही जोडी किती अपुरी आहे ते ध्यानात येते. तुकोबांची पालखी यवतला येते तेव्हा गावकरी पिठले-भाकरीचे जेवण घालतात. घरोघर भाकऱ्या थापल्या जातात, पिठल्याच्या कढया चुलीवर चढतात. येथे खाऊ घालणारा वारकऱ्याला ‘माऊली’ म्हणतो आणि खाणारा वारकरीही वाढणाऱ्याला ‘माऊली’च म्हणतो. संबोधन एकच असल्यामुळे देणारा आणि घेणारा यांना वेगळे काढण्याची सोय भाषेनेच ठेवलेली नाही. गाव खर्च करते म्हणून जुन्या अर्थाने गावाला यजमान म्हणावे, तर पुण्य घेणारेही गावच आहे. उलट पंढरपुरात पोहोचल्यावर तोच वारकरी क्षेत्रोपाध्यायाचा यजमान होतो, मठात उतरला तर त्या परंपरेचा घटक होतो आणि खोली भाड्याने घेतली तर गिऱ्हाईक. एकाच माणसाची नाती मुक्कामागणिक बदलतात.

गर्दीच्या नियमनाचेही तसेच आहे. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे ठरलेले क्रमांक, चोपदाराचा शब्द, मुक्कामांचा क्रम, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी अशी बांधलेली वाट, ही सारी व्यवस्था ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांच्यापासून आकाराला आली. लाखोंचा समुदाय हलविण्याचे हे ज्ञान कोठल्याही ‘वहनक्षमते’च्या गणितातून आलेले नाही. शाश्वत पर्यटनाच्या संशोधकाने ते ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणून नोंदविले तरी त्याला सिद्धान्ताचा दर्जा मिळत नाही.

मात्र येथेच देशीयतेचा अभिमान बाळगणाऱ्याने थोडे थांबावयास हवे. बाहेरचे माप चुकीचे म्हणून आपले वास्तव निर्मळ ठरत नाही. पंढरपुरात यात्रेनंतर वाळवंटातील आणि गल्लीबोळांतील मैला माणसांच्या हातून उचलला जाई आणि ते काम विशिष्ट जातींच्या वाट्याला होते. २०१३ साली हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा नवा कायदा झाला. या प्रश्नावरील याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने शौचालयांची आणि वाळवंटाच्या वापराची दखल घेऊन शासनाला निर्देश दिले, तेव्हा कोठे फिरत्या शौचालयांची आणि नदीपलीकडील तळाची व्यवस्था उभी राहू लागली. बडवे आणि उत्पात यांचे मंदिरावरील वंशपरंपरागत हक्क १९७३च्या कायद्याने काढले गेले, पण त्यावरील न्यायालयीन वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतरच मिटला. या बदलांची भाषा शाश्वततेची नव्हती. ती हक्कांची, प्रतिष्ठेची आणि समतेची होती. ती संविधानातून आली होती, आणि संविधानाच्या वैचारिक वारशात पाश्चात्त्य धागेही आहेत. तेव्हा पाश्चात्त्य ते त्याज्य, अशी सरळ विभागणी केल्यास पंढरपुरातील सफाई कामगार पुन्हा एकदा चौकटीबाहेर पडेल.

अलीकडे पंढरपुरात मंदिर परिसराचा विस्तृत मार्ग उभारण्याची योजना पुढे आली आणि ज्यांची घरे, दुकाने, वाडे त्यात जाण्याची शक्यता आहे त्या रहिवाशांनी विरोध केला. अशा वादात दोन्ही बाजूंना शब्दांची गरज असते. दर्शनार्थींची संख्या, सोयी, क्षमता ही भाषा शासनाच्या आराखड्याला सहज मिळते, कारण ती जगभर तयार आहे. रहिवाशांजवळ असलेली भाषा, उतारू ठेवण्याची पिढीजात रीत, वाड्यातील खोल्या, यजमान-उपाध्यायांच्या वह्या, ठरलेल्या दिंडीचे ठरलेले घर, ही भाषा आराखड्यात उतरत नाही. जो संशोधक हा वाद अभ्यासण्यास जाईल त्याच्या प्रश्नावलीत ‘यजमान समाजाची मते’ असा भाग असेल. त्यात वाड्याचा मालक येईल. वाड्यातील भाडेकरू येईल का, आषाढीत पंधरा दिवस फुटपाथवर बुक्का, तुळशीच्या माळा किंवा चुरमुरे विकून वर्षाची बेगमी करणारी बाई येईल का, हे प्रश्नावली घडविणाऱ्याच्या शब्दांवर अवलंबून राहील.

‘वाटचाल’मध्ये कर्वे यांनी पाहिलेल्या गोष्टी साध्या आहेत : कोण कोणासाठी शिजविते, कोण कोणाच्या पंक्तीला बसते, कोण कोणापासून अंतर ठेवून चालते. शाश्वत पर्यटनाच्या प्रचलित निर्देशांकांत पाणी, ऊर्जा, कचरा, उत्पन्न आणि रोजगार यांसाठी रकाने आहेत. पंक्तीसाठी रकाना नाही. पालखी हलल्यानंतरच्या सकाळी यवतच्या रस्त्यावर झाडू घेऊन उतरणारी माणसे कोणत्या वस्तीतून येतात आणि आदल्या रात्री त्यांच्या घरच्या भाकरीही त्याच टोपलीत पडल्या होत्या काय, हे विचारण्यासाठी टर्नर यांच्या आधी कर्वे यांच्याकडे जावे लागते.